काय दिसलं नाही

निकिताच्या बुद्धिबळाचं नक्की काय करायचं, याची बैठक ओव्हाळांच्या घरात जूनच्या पहिल्या रविवारी झाली. बैठक हा शब्द समाधानचा, म्हणजे निकिताच्या बाबांचा. बाकीच्यांच्या मते ते सगळे नुसते चहा पीत बसले होते.

"पुढच्या वर्षी दहावी आहे," सोनाली म्हणाली. ती महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे दहावी हा शब्द ती घरच्या माणसासारखा उच्चारायची.

दहावी आली की पुण्यातल्या घराघरात कथक, पोहणं, तबला, सगळं ओळीनं माळ्यावर जातं, हे निकिताला ठाऊक होतं. तिच्या वर्गातल्या एकीची तर सायकलसुद्धा गेली होती.

"मी दोन्ही करीन," निकिता म्हणाली.

"करीन याला काही अर्थ नाही," समाधान म्हणाला. "किती करीन, कधीपर्यंत करीन, ते सांग. ध्येय मोजता आलं पाहिजे."

समाधान खराडीच्या आयटी पार्कात टेस्टिंग लीड होता. बाकीचे लोक सॉफ्टवेअर लिहायचे आणि त्याची टीम त्यातल्या चुका शोधून काढायची. दोन हजार आठ साल होतं, मंदीची बातमी रोज पेपरात होती, आणि त्याच्या कंपनीत वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकाकडून ध्येयं लिहून घ्यायची पद्धत एकाएकी फार कडक झाली होती. त्यानं स्वतःची कालच भरून दिली होती. हात अजून गरम होता.

"एप्रिलच्या शेवटी जिल्हा निवड स्पर्धा असते. पंधरा वर्षांखालच्या मुली. पहिल्या चौघी राज्याला जातात. त्या चौघींत आलीस तर दहावीतसुद्धा खेळ, मी एक शब्द बोलणार नाही. नाही आलीस, तर पट माळ्यावर. दहावीचा शेवटचा पेपर होईपर्यंत. डील?"

"डील!" निकितानं बिस्किट चहात बुडवून ठेवलं होतं ते तसंच विरघळून गेलं.

"अरे, पण चौघींत येणं हे काय हिच्या एकटीच्या हातात आहे?" तात्याराव म्हणाले. हे निकिताचे आजोबा. रेल्वेच्या टपाल डब्यात उभ्या उभ्या पत्रं निवडण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती, आणि निकिताला घोडा अडीच घरं कसा जातो ते त्यांनीच शिकवलं होतं. "बाकीच्या पोरी काय भजी तळायला येणारेत तिथं?"

"म्हणूनच ट्रॅक करायचं, तात्या," समाधान म्हणाला आणि उठून कॉम्प्युटर लावला.

त्यानं एक्सेलमध्ये तक्ता केला. आठवड्याला डाव: दहा. त्यातले जिंकलेले: सात. कोडी: शंभर. आकडा गाठला की चौकट आपोआप हिरवी व्हायची, थोडं कमी पडलं की पिवळी, आणि फारच कमी पडलं की लाल. दर रविवारी संध्याकाळी रिव्ह्यू. निकिताला तो तक्ता इतका आवडला, की पहिल्या दिवशी तिनं नुसतेच खोटे आकडे टाकून चौकटी रंग बदलतात का ते सात-आठ वेळा बघितलं.

*

बुद्धिबळाचा क्लास नारायण पेठेत होता. शनिवार-रविवार सकाळी तात्याराव आणि निकिता खराडीहून मनपाच्या स्टॉपची बस धरायचे आणि तिथून चालत जायचे. क्लास म्हणजे श्यामलाबाईंच्या घराची पुढची खोली. सहा टेबलं, सहा पट, सहा घड्याळं, आणि दारावर पाटी: 'बेल एकदाच वाजवावी. आत विचार चालू असतो.'

श्यामलाबाई विमा कंपनीतून निवृत्त झालेल्या. त्या सात वर्षांच्या मुलालाही आडनावानं हाक मारायच्या आणि 'तुम्ही' म्हणायच्या, आणि त्यात मान किती आणि टोमणा किती हे कुणाला शेवटपर्यंत कळत नसे.

"ओव्हाळ, तुमचा वजीर कुठे निघालाय?"

"हल्ला करायला, बाई."

"असं होय. मला वाटलं, पर्वतीवर फिरायला. काठी तेवढी द्या बरोबर."

तीन खेळ्यांत वजीर गेला.

समोर बसायची अवनी. तीही नववीतच, क्लासपासून दोन गल्ल्या सोडून राहणारी. खेळताना ती दोन्ही तळहात मांड्यांखाली दाबून बसायची. बुद्धिबळात ज्या मोहऱ्याला हात लागेल ते खेळावंच लागतं, आणि अवनीचा स्वतःच्या हातांवर विश्वास नव्हता. विचार पूर्ण झाला की एक हात बाहेर यायचा, खेळी करायचा, घड्याळ दाबायचा आणि परत आत. निकिताला आधी ते बघून हसू यायचं. जूनअखेर ती अवनीशी सहा डाव खेळली आणि सहाही हरली, तेव्हा हसू येणं बंद झालं.

रविवारी संध्याकाळी तक्ता उघडला की सगळं लाल. चार आठवडे लाल.

"अॅक्शन आयटम काय आहे आपला?" समाधान विचारायचा. तो रागवायचा नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं, असं निकिताला वाटायचं.

पाचव्या आठवड्यात तिला उपाय सापडला. तक्त्यात 'डाव' असं लिहिलं होतं. कुणाशी, ते लिहिलंच नव्हतं.

क्लासमध्ये सकाळी आठला छोट्यांची तुकडी असायची. निकिता एक बस आधी धरायला लागली. त्या पोरांना शिकवते, असं तिनं बाईंना सांगितलं आणि तासात चार डाव जिंकले. घरी कॉम्प्युटरवर बुद्धिबळाचा खेळ होता. त्याची पातळी पाचवरून दोनवर आणली. कोडी सोडवायची ती एका खेळीत मात होणारीच, शंभर कोडी अर्ध्या तासात. आणि रोज संध्याकाळी तात्यारावांशी एक डाव. तात्याराव तिला पूर्वी हमखास हरवायचे, पण ऑगस्टपासून त्यांचं काहीतरी बिनसलं. कधी घोडा विसरायचे, कधी उंट. वय, दुसरं काय.

पहिली हिरवी चौकट उमटली तेव्हा निकितानं खुर्चीवर उभं राहून शिट्टी मारली. मग हिरव्यामागून हिरवं. ती शाळेत हात वर करून उत्तरं द्यायला लागली, रिक्षावाल्यांशी भांडायला लागली, गॅदरिंगमध्ये सूत्रसंचालन करायला पुढे झाली. जिंकण्याचा असा एक गुण असतो, की तो बाकीच्या गोष्टींतही झिरपतो. समाधाननं तक्त्याची रंगीत प्रिंट काढून फ्रिजवर लावली आणि एक प्रत ऑफिसातल्या स्वतःच्या टेबलापाशी.

श्यामलाबाई मात्र एका सकाळी, छोट्यांच्या तुकडीत चौथा डाव जिंकणाऱ्या निकिताच्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"ओव्हाळ, बालवाडी शेजारच्या इमारतीत आहे. तिथे तर अजून पटापट होईल."

निकिताला ते लागलं. पण तिनं फार मनावर घेतलं नाही. हिरवं हिरवंच असतं.

*

जानेवारीत क्लासच्या ओळखीनं एक सरावस्पर्धा झाली. सात डाव. पहिल्याच फेरीत निकितासमोर आठ वर्षांची, दोन दात पडलेली एक मुलगी आली आणि तेवीस खेळ्यांत तिला हरवून डबा खायला निघून गेली. निकिताचे सातांत दोन गुण झाले.

घरी आल्यावर तिनं बॅग सोफ्यावर टाकली नाही, कोपऱ्यात नीट ठेवली. सोनालीनं ते बघितलं आणि काय झालं असेल ते ओळखलं.

"मला नाही खेळायचं आता," निकिता म्हणाली. "एप्रिलपर्यंत कशाला थांबायचं? आत्ताच टाका माळ्यावर."

"अगं, पण बावीस आठवडे ग्रीन आहे!" समाधान खरोखरच गोंधळला होता. त्यानं फ्रिजवरचा कागद वरपासून खालपर्यंत परत वाचला. "डेटा चुकीचा कसा असेल?"

दुसऱ्या दिवशी निकिता क्लासला गेली नाही. तात्याराव एकटेच बाहेर पडले, का कोण जाणे, बहुतेक सवयीनं. घरात बसून बसून तिला एक बरी कल्पना सुचली. आपण जिंकलेले डाव बघावेत, म्हणजे जरा बरं वाटेल. तात्याराव प्रत्येक डाव एका लांबड्या वहीत शाईनं उतरवून ठेवायचे, कुणाशीही खेळले तरी. तिनं वही काढली आणि ऑगस्ट महिना उघडला.

शाईच्या ओळींच्या शेजारी पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहिलेलं होतं.

'येथे उंटाने वजीर मिळत होता. घेतला नाही.'

तिनं पान उलटलं. 'येथे दोन खेळींत मात. दुर्लक्ष केले.' पुढच्या पानावर: 'घोडा मुद्दाम सोडला. नि.च्या लक्षात आले नाही, स्वतःवर खूश आहे.' सप्टेंबर, ऑक्टोबर, दिवाळी. तिनं जिंकलेल्या एकाही डावाशेजारची जागा रिकामी नव्हती.

तात्याराव दुपारी परतले तेव्हा वही टीपॉयवर उघडी होती.

"तुम्ही मुद्दाम हरत होता?"

त्यांनी आधी चपला काढल्या, मग छत्री कोपऱ्यात ठेवली. थंडीतही ते छत्री नेत.

"हो."

"रोज?"

"एका शनिवारी नाही. त्या दिवशी तू खरंच बरी खेळली होतीस. तरी जिंकलो मीच म्हणा."

"का पण, आजोबा?"

"कागद हिरवा होत होता," तात्याराव म्हणाले. "तू खूश, तुझा बाप खूश. मी म्हटलं, होऊ दे. माझा एक उंट गेला तर काय बिघडतं." मग ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पण ते मी लिहून ठेवलं. न लिहिता राहवेना. सवय आहे."

"कसली सवय?"

तात्यारावांनी आत जाऊन एक चपलेचा खोका आणला. खोक्यात पोस्टकार्डं होती, सुतळीनं बांधलेली. मिरजेला त्यांच्यासारखेच पत्रं निवडणारे एक हिंदुराव नावाचे गृहस्थ होते. दोघांची भेट होण्याचं कारण नव्हतं, ड्यूट्या उलट्यासुलट्या. म्हणून ते पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळायचे. एका कार्डावर एक खेळी. ते कार्ड मिरजेला जायचं, उत्तर यायचं, मग पुढची खेळी. एक डाव अडीच वर्षं चालला होता.

निकितानं वरचं कार्ड उचललं. तात्याराव मायन्यात 'सप्रेम जय भीम' लिहायचे; या हिंदुरावांच्या कार्डावर 'रामराम तात्या' होतं, मग एक ओळ खेळीची. आणि त्याखाली प्रत्येक कार्डावर आणखी एक ओळ.

'मागील खेपेस काय दिसले नाही: आपला हत्ती. तो मला मिरजेहून दिसावयास हवा होता.'

'मागील खेपेस काय दिसले नाही: घाई. गाडी सुटण्याआधी कार्ड टाकावयाचे म्हणून विचार न करता लिहिले.'

"हे काय आहे?"

"अट होती आमची. नुसती खेळी लिहिलेलं कार्ड धरायचं नाही. आपल्याला मागच्या वेळी काय दिसलं नाही ते सोबत लिहायचं. खरं लिहायचं. हिंदुरावाची कल्पना."

"आणि अडीच वर्षं कंटाळा नाही आला?"

"उत्तर यायचं असायचं ना," तात्याराव म्हणाले. "कोण जिंकलं, ते विचारू नकोस."

"कोण जिंकलं?"

"तो."

*

रविवारच्या रिव्ह्यूला निकितानं कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला. आधी तिनं छोट्यांची तुकडी, पातळी दोन, एका खेळीची कोडी, सगळं सांगून टाकलं. तात्यारावांचं तिनं सांगितलं नाही, पण तात्यारावांनी स्वतःच सांगितलं. समाधान ऐकत राहिला. मग तिनं 'जिंकलेले: सात' हा रकाना खोडून तिथे 'हरलेले: किमान पाच' असं लिहिलं आणि शेजारी नवा रकाना काढला. 'काय दिसलं नाही.'

"हरण्याचं टार्गेट?" समाधान म्हणाला. "निकू, असं कधी असतं का?"

"बाबा, तुमच्या टीममधल्या एखाद्याला महिनाभर एकही चूक सापडली नाही, तर तुम्ही त्याला शाबासकी देता?"

"छे! म्हणजे तो बघतच नाहीये."

असं म्हणून तो थांबला. सोनालीनं हातातली तपासायची वही बाजूला ठेवून त्याच्याकडे बघितलं. समाधाननं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "पण तारीख हलणार नाही. चौथा नंबर, एप्रिल. तो डील तोच."

"तोच."

फ्रिजवरचा हिरवा कागद निघाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या जागी जे कागद लागले ते रंगीत नव्हते. त्यांवर ओळी होत्या.

'अवनीचा उंट. कोपऱ्यात होता म्हणून विसरले.'

'घड्याळ.'

'मी हरतेय याचंच वाईट वाटून घेत बसले. त्यात एक खेळी गेली.'

'आजोबांचा घोडा. आजोबा आता अजिबात दया करत नाहीत.'

'काही दिसलं नाही असं नाही. दिसलं होतं, पण खरं वाटलं नाही.'

निकिता सकाळची जादा बस धरत नव्हती. ती अवनीशी खेळायची, मग बाईंशी, मग बाईंनी बोलावलेल्या कॉलेजच्या मुलांशी. हरून हरून तिला एक गंमत कळली, की हरलेला डाव रविवारपर्यंत डोक्यात राहतो आणि जिंकलेला बसमध्येच संपतो. ओळ लिहायची असायची म्हणून ती डाव परत मांडायची. परत मांडला की दुसरंच काहीतरी सापडायचं. आवड वगैरे शब्द तेव्हा तिच्या मनात नव्हते. कागद भरायचा होता. मार्चअखेर तिनं अवनीबरोबर पहिल्यांदा बरोबरी केली, आणि तिच्या लक्षात आलं, की आपणही हात मांड्यांखाली दाबून बसलो आहोत.

"ओव्हाळ," श्यामलाबाई म्हणाल्या, "आज तुमचा वजीर घरीच होता. तब्येत बरी आहे ना त्याची?"

ही स्तुती आहे हे कळायला निकिताला मनपापर्यंत चालत जावं लागलं.

*

निवड स्पर्धा शहरातल्या एका शाळेच्या सभागृहात झाली, दोन दिवस, सात फेऱ्या. पंखे होते पण मोहरी उडतील इतक्या जोरात लावू नका, असं पंचांनी बजावलं होतं. सहा फेऱ्यांनंतर निकिताचे साडेचार गुण होते. शेवटच्या फेरीत समोर अवनी, साडेपाच गुणांची.

जाळीच्या दारापलीकडे पालक उभे होते. तात्यारावांनी पाकिटाच्या पाठीवर हिशोब मांडून ठेवला होता आणि फेरी सुरू व्हायच्या आधी निकिताला सांगितला होता. जिंकलीस तर प्रश्नच नाही. बरोबरी झाली तर पाच गुण. मग हिरा नावाच्या मुलीवर अवलंबून. तिचेही साडेचार आहेत, ती शेजारच्या पटावर आहे. ती जिंकली नाही तर चौथा नंबर तुझा. हरलीस तर पट माळ्यावर.

बेचाळिसाव्या खेळीपर्यंत निकितानं काही चुकवलं नाही. दोघींकडे एकेक हत्ती उरला होता आणि काही प्यादी. निकिताकडे एक प्यादं जास्त होतं, आणि ते पटाच्या कडेनं पुढे पळायला मोकळं होतं.

अवनीचा हात मांडीखालून बाहेर आला. तिनं राजा एक घर हलवला, हळूच म्हणाली, "बरोबरी?" आणि घड्याळ दाबलं.

निकितानं शेजारी बघितलं. हिराचा पट अजून गच्च भरलेला होता, काहीच सांगता येत नव्हतं. तिनं स्वतःच्या पटाकडे बघितलं. होय म्हटलं तर अर्धी आशा, हात धुतल्यासारखी स्वच्छ. तिच्या डोळ्यांसमोर एक हिरवी चौकट आली. मग श्यामलाबाईंचं वाक्य आलं: एक प्यादं जास्त असताना बरोबरी घेणारा माणूस लग्नाच्या पंगतीतून जिलबी यायच्या आधी उठतो.

मला जिंकायचंय का नुसतं चौथं यायचंय? तिनं स्वतःला विचारलं, आणि नक्की उत्तर आलं नाही. एवढंच आलं, की त्या प्याद्याचं पुढे काय होतं ते तिला बघायचं होतं. होय म्हटलं तर ते कधीच कळणार नव्हतं.

"नको. खेळू," ती म्हणाली.

तिनं प्यादं एक घर सारलं. मग आणखी एक. त्याला वाट करून द्यायची म्हणून स्वतःचा हत्ती त्याच्या पुढे नेऊन उभा केला. प्यादं शेवटून दुसऱ्या घरात पोचलं आणि तिथेच अडकलं, कारण पुढच्या घरात आपलाच हत्ती होता. अवनीचा हत्ती मागून आला. निकिताचा हत्ती हलला असता तर प्यादं मारलं जात होतं, नाही हलला तर दुसऱ्या बाजूला कुणी राखण करायला नव्हतं. अवनीनं तिकडची प्यादी एकेक करून सावकाश उचलली. एकाहत्तराव्या खेळीला निकितानं हात पुढे केला आणि अवनीनं तो हातात घेतला.

शेजारचा पट तोवर रिकामा झाला होता. हिराची बरोबरी झाली होती.

निकितानं ते भिंतीवरच्या कागदावर वाचलं. तिनंही बरोबरी घेतली असती तर दोघींचे पाच-पाच झाले असते, आणि दोघींत तिला वरचा नंबर मिळाला असता, कारण तिच्यासमोर आलेल्या मुली जास्त भारी होत्या. तिनं कागद दोनदा वाचला. साडेचार गुण, सहावा नंबर.

बाहेरच्या ओट्यावर अवनी पट मांडून बसली होती. डाव संपल्यावर दोघींनी तो परत बघायचा, हा शिरस्ता होता. निकिताही बसली.

"तू हत्ती पुढे का आणलास पण? मागून ढकलायचं ना प्यादं."

"माहीत होतं गं. बाईंनी शंभरदा सांगितलंय."

"शंभर नाही," मागून श्यामलाबाई म्हणाल्या. "चौदा. बेचाळीस खेळ्या माझी विद्यार्थिनी खेळत होती, ओव्हाळ. त्यानंतर कोण आलं होतं?"

"मीच होते, बाई."

"हं. मग ठीक." त्या चष्म्याची दोरी सारखी करत निघून गेल्या.

"शनिवारी येशील ना?" अवनीनं विचारलं.

"नाही. पट माळ्यावर जाणार."

"किती दिवस?"

"मार्चपर्यंत. पुढच्या."

अवनी मोहरी गोळा करता करता थांबली. "मग मी कुणाशी खेळू?"

तिच्याही हे डोक्यात यावं, याचं निकिताला नवल वाटलं.

"तुझा पत्ता दे," ती म्हणाली.

*

घरी समाधाननं स्टूल आणलं, पण तो त्यावर चढेना.

"हे बघ," तो म्हणाला, "जानेवारीत दोन गुण होते. आता जिल्ह्यात सहावी. प्रोग्रेस आहे. आपण डील जरा..."

"चौथा ठरला होता, बाबा."

"हो, पण..."

"तारीख हलवायची नाही म्हणाला होता ना? मग नंबर पण नाही हलवायचा." तिनं घडीचा पट, मोहऱ्यांची पिशवी आणि घड्याळ एकावर एक ठेवून त्याच्या हातात दिलं. "चढा."

समाधान चढला. तात्याराव पेपरमागे होते. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नव्हतं.

"पट माळ्यावर, बरोबर?" निकितानं खालून विचारलं.

"बरोबर."

"म्हणजे फक्त पट."

समाधान वर धुळीत शिंकत होता, त्यानं नुसतीच मान हलवली. सोनालीनं ऐकलं. पेपर खाली आला.

"आजोबा," निकिता म्हणाली, "कोरी कार्डं आहेत का शिल्लक?"

बाराव्या दिवशी सोसायटीचा वॉचमन वर आला. त्याच्या हातात एक पोस्टकार्ड होतं आणि चेहरा पडलेला होता. "ताई, कार्ड आलंय. कुणी वारलं काय?" पोस्टकार्ड म्हणजे आताशा तेवढंच, असा त्याचा समज होता.

कार्ड समाधानच्या हातात पडलं. त्यानं उभ्या उभ्याच वाचलं, मग परत पहिल्यापासून मोठ्यानं वाचलं.

"प्रिय निकिता, तुझं ई४ मिळालं. माझं प्यादं ई५. मागच्या डावात काय दिसलं नाही: सेहेचाळिसाव्या खेळीला तू हत्तीनं नुसता शह दिला असतास तर मी हरत होते. मी बरोबरी मागितली, कारण मला भीती वाटत होती. कसली ते तेव्हा कळलं नव्हतं. घरी आल्यावर कळलं: तुझ्याकडून हरण्याची. अवनी."

त्यानं चष्मा कपाळावर ढकलला. "हे डीलमध्ये बसतं का?"

"पट माळ्यावर आहे," सोनाली वही तपासता तपासता म्हणाली. "मी रोज बघते."

निकितानं कार्ड घेतलं. भूमितीचं पुस्तक उघडं होतं, ते तिनं मिटलं नाही, नुसतं बाजूला सारलं. गणिताची चौकटींची वही ओढली, पेन्सिलीनं आठ बाय आठ घरं आखली आणि अवनीचं प्यादं मांडलं. घोडा काढायचा हे तर ठरल्यासारखंच होतं. तिचा हात पेन्सिलीकडे गेला.

"घाई काय आहे?" पेपरमागून तात्याराव म्हणाले. "पोस्टाची पेटी उद्या सकाळी उघडते."

निकितानं दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि सेहेचाळिसावी खेळी परत एकदा आठवायला लागली.